पेशी आरएनए कमी बनवते, की बनवून लगेच मोडते? नॉन-कोडिंग आरएनएच्या उत्पादनावरील नियंत्रण कसे तपासावे

एखाद्या प्रथिनाचे प्रमाण मानवी पेशींत कमी करायचे, दोन-तीन दिवसांनी पेशींतील आरएनए काढायचा, क्यूपीसीआर लावायचा आणि एखादा नॉन-कोडिंग (प्रथिनाचा आराखडा नसलेला) आरएनए चौपट झालेला दिसला की ‘हे प्रथिन त्या आरएनएचे उत्पादन रोखते’ असे लिहून मोकळे व्हायचे, हा क्रम एमएस्सीच्या प्रबंधांपासून छापील शोधनिबंधांपर्यंत सर्वत्र आढळतो. मोजमाप बरोबर असते आणि आकडेही खरे असतात, पण निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही. चौपट आरएनए दिसण्यामागे पेशीने तो चौपट बनवला हे कारण असू शकते, बनलेला आरएनए चौपट वेळ टिकला हेही असू शकते किंवा पूर्वी अर्ध्या वाटेत सुटणारे पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए बनवणारे एन्झाइम) आता पुढपर्यंत जाऊ लागले हेही असू शकते. नॉन-कोडिंग आरएनएच्या बाबतीत हा फरक मेसेंजर आरएनएपेक्षा कितीतरी महत्त्वाचा ठरतो, कारण त्यातील अनेक रेणू बनल्यावर काही मिनिटांतच मोडले जातात. ही तीन कारणे एकमेकांपासून वेगळी कशी काढायची, याची पद्धत येथे मांडली आहे. पेशीसंवर्धन आणि क्यूपीसीआर येणाऱ्या, परंतु आरएनएच्या गतीचा अभ्यास प्रथमच करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे लेखन आहे.

उदाहरण म्हणून एकच प्रकरण शेवटपर्यंत धरून ठेवू. २००८ साली डेन्मार्कमधील आऱ्हुस विद्यापीठातील टॉर्बेन हाइक येन्सन यांच्या गटाने हेला पेशींमधील आरआरपी४० या प्रथिनाचे प्रमाण कमी केले. हे प्रथिन आरएनए एक्झोसोमचा घटक आहे आणि हा एक्झोसोम म्हणजे आरएनएला ३′ टोकाकडून कुरतडत नेणारे यंत्र आहे. (पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या सूक्ष्म पुटिकांनाही एक्झोसोमच म्हणतात, पण त्यांचा येथे काही संबंध नाही.) एक्झोसोम निकामी होताच सक्रिय जनुकांच्या प्रमोटरच्या (जनुकाचे वाचन सुरू होते त्या जागेच्या) वरच्या बाजूला, सुमारे ५०० ते २५०० बेसच्या पट्ट्यात, तोपर्यंत कोणाच्या लक्षात न आलेले आरएनए दिसू लागले. त्यांना ‘प्रॉम्प्ट’ हे नाव पडले. नेहमीच्या पेशीत ते जवळजवळ सापडत नाहीत, म्हणून ते बनतच नाहीत असा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते.

आधी पेशीच्या हातातील ताबे ओळखावेत

प्रयोग आखण्यापूर्वी आपला आरएनए कोणते पॉलिमरेज बनवते हे निश्चित करावे, कारण तपासाची पुढची सगळी दिशा त्यावर अवलंबून असते. पॉलिमरेज एक फक्त राइबोसोमच्या मोठ्या आरएनएचा लांब पूर्वरेणू बनवते. पॉलिमरेज तीन टीआरएनए, ५एस राइबोसोमल आरएनए, यू६, ७एसके, ७एसएल असे छोटे रेणू बनवते. मेसेंजर आरएनएबरोबरच लांब नॉन-कोडिंग आरएनए, बहुतेक मायक्रोआरएनएचे पूर्वरेणू, यू१ आणि यू२ यांसारखे स्प्लायसिंगचे (आरएनएतील इंट्रॉन, म्हणजे मधले नको असलेले तुकडे, काढण्याचे) आरएनए आणि आपले प्रॉम्प्ट हे सारे पॉलिमरेज दोनचे काम आहे. अल्फा-अमॅनिटिन हे विषारी अळिंबीतील द्रव्य पॉलिमरेज दोनला अगदी कमी मात्रेत बंद पाडते, पॉलिमरेज तीनला बऱ्याच जास्त मात्रेत, तर पॉलिमरेज एकवर त्याचा जवळजवळ परिणाम होत नाही, त्यामुळे वेगळ्या काढलेल्या केंद्रकांवर ही कसोटी आजही उपयोगी पडते. जिवंत पेशींत मात्र ते सावकाश शिरते, म्हणून तेथे ट्रिप्टोलाइड किंवा फ्लॅव्होपिरिडॉल वापरणे बरे. पहिले प्रतिलेखनाचा (डीएनएवरून आरएनए बनण्याचा) आरंभ रोखते, तर दुसरे सीडीके९ या कायनेजला रोखून थबकलेल्या पॉलिमरेजला पुढे जाऊ देत नाही. ॲक्टिनोमायसिन डी वापरताना मात्रा काटेकोर ठेवावी, कारण मिलिलिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम इतक्या कमी मात्रेत ते मुख्यतः पॉलिमरेज एकला थांबवते, तर ५ मायक्रोग्रॅमला सर्वच प्रतिलेखन थांबते.

पॉलिमरेज दोनच्या बाबतीत पेशीकडे नियंत्रणाच्या निदान चार जागा असतात. पहिली जागा आरंभाची, म्हणजे प्रमोटर उघडा आहे की नाही. दुसरी थबकण्याची, कारण पॉलिमरेज सुरुवातीच्या काही डझन बेसनंतर थांबते आणि सीडीके९ची परवानगी मिळाल्यावरच पुढे निघते. या परवानगीवरही एका नॉन-कोडिंग आरएनएचाच पहारा असतो, कारण ७एसके हा रेणू हेक्सिम१ या प्रथिनाच्या साहाय्याने सीडीके९ला बांधून ठेवतो. तिसरी जागा लवकर थांबवण्याची आहे आणि चौथी बनलेला रेणू मोडण्याची.

तिसऱ्या जागेबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण प्रॉम्प्टचे सारे मर्म तेथेच आहे. मानवी प्रमोटर बहुधा दोन्ही दिशांना चालतो. जनुकाच्या दिशेने निघालेले पॉलिमरेज हजारो बेस जाते, तर उलट दिशेने निघालेले थोड्याच अंतरावर सुटते. हा फरक कशाने पडतो याचे एक मोठे उत्तर २०१३ साली दोन स्वतंत्र गटांच्या कामातून मिळाले. त्यातील एक अमेरिकेतील एमआयटीमधील फिलिप शार्प यांचा गट आणि दुसरा येन्सन यांचाच. जनुकाच्या दिशेने यू१ स्प्लायसिंग कण बसू शकेल अशा जागा सुरुवातीलाच भरपूर असतात, तर उलट दिशेने त्या विरळ असतात आणि ‘इथे कापा आणि थांबा’ सांगणारी एएयूएएए ही खूण लवकर येते. यू१ बसलेला असला की ती खूण झाकली जाते. यू१चे हे संरक्षक काम गिडिऑन ड्रायफस यांच्या गटाने २०१० साली दाखवले होते. त्यांनी यू१ला प्रतिपूरक मॉर्फोलिनोने (आरएनएला चिकटून त्याला झाकणाऱ्या कृत्रिम रेणूने) अडवले, तेव्हा चांगले चालणारे जनुकही मध्येच कापले जाऊन थांबू लागले. याशिवाय लवकर थांबवणारी आणखी यंत्रे आहेत. २००५ साली सापडलेले इंटिग्रेटर संकुल, ज्यातील आयएनटीएस११ हा घटक आरएनए कापतो, हे त्यांतील एक. झेडसी३एच४ आणि डब्ल्यूडीआर८२ यांचे ‘रिस्ट्रिक्टर’ संकुल हे दुसरे, आणि त्याचे वर्णन २०२१ साली पुढे आले.

लवकर थांबलेला आरएनए मोकळा फिरत राहत नाही. एमटीआर४, झेडसीसीएचसी८ आणि आरबीएम७ या तिघांचे ‘नेक्स्ट’ संकुल त्याला धरून एक्झोसोमच्या तोंडी देते. म्हणजे थांबवणे आणि मोडणे या दोन स्वतंत्र पायऱ्या असल्या तरी पेशीत त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि म्हणूनच प्रयोगात त्या सोडवून पाहाव्या लागतात.

कागदावर हिशेब केल्याशिवाय पिपेट उचलू नये

स्थिर अवस्थेत पेशीतील आरएनएचे प्रमाण म्हणजे उत्पादनाचा वेग भागिले नाशाचा दर. नाशाचा दर म्हणजे ०.६९३ भागिले अर्धायुष्य. समजा, पेशी दोन वेगळे आरएनए मिनिटाला एक रेणू या सारख्याच वेगाने बनवते, पण पहिल्याचे अर्धायुष्य १० मिनिटे आहे आणि दुसऱ्याचे १० तास. पहिल्याचे पेशीत सरासरी १४ रेणू सापडतील, दुसऱ्याचे सुमारे ८६६. उत्पादनात तिळमात्र फरक नसताना मोजमापात साठपट फरक दिसतो. कोणता आरएनए ‘जास्त बनतो’ हे एकूण प्रमाणावरून ठरवणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करावा.

याच समीकरणातून दुसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट निघते. उत्पादन बदलल्यानंतर आरएनए नव्या पातळीला किती वेळात पोहोचेल हे उत्पादनाच्या वेगावर अवलंबून नसते, केवळ अर्धायुष्यावर असते. एका अर्धायुष्यात निम्मे अंतर कापले जाते, तीन अर्धायुष्यांत साडेसत्त्याऐंशी टक्के. वरच्या पहिल्या आरएनएचे उत्पादन दुप्पट केले तर अर्ध्या तासात बदल जवळजवळ पूर्ण दिसेल. दुसऱ्याचे दुप्पट केले तर दोन तासांनंतर होऊ घातलेल्या बदलाचा जेमतेम तेरा टक्के भाग दिसेल आणि क्यूपीसीआरच्या नेहमीच्या चढउतारात तो बुडून जाईल. मलात१ हा टिकाऊ लांब नॉन-कोडिंग आरएनए घेऊन एक-दोन तासांचा प्रयोग करणारे ‘परिणाम नाही’ असे लिहितात, तेव्हा परिणाम नाही की तो दिसायला वेळच दिला नाही, हे सांगता येत नाही.

म्हणून टिकाऊ आरएनएचे उत्पादन पाहायचे असेल तर त्याचा अल्पायुषी अंश शोधावा. पक्व टीआरएनए दिवसेंदिवस टिकतो, पण काही टीआरएनएच्या पूर्वरेणूत इंट्रॉन असतो आणि तो लवकर काढला जातो, त्यामुळे इंट्रॉनवर प्रायमर ठेवला की पॉलिमरेज तीनच्या चालू कामाचा अंदाज मिळतो. राइबोसोमल आरएनएसाठी ४७एस पूर्वरेणूच्या ५′ टोकाचा, लवकर कापून टाकला जाणारा भाग मोजावा, कारण पेशीतील सुमारे ऐंशी टक्के आरएनए राइबोसोमचाच असताना पक्व १८एस मोजून आजच्या उत्पादनाबद्दल काहीच कळत नाही. मायक्रोआरएनएसाठी लांब प्राथमिक रेणू आणि सुमारे २२ बेसचा पक्व रेणू हे दोन्ही मोजणे अनिवार्य समजावे. लेट-७ या मायक्रोआरएनएचे उदाहरण बोलके आहे. लिन२८ प्रथिन असले की त्याचा पूर्वरेणू बनतो, पण त्यावरची पुढची प्रक्रिया अडवली जाते आणि पक्व रेणू मिळत नाही. तेथे प्रमोटरवर वर्षभर काम करूनही उत्तर हाती आले नसते.

नमुना घेण्याची शिस्त

प्रॉम्प्टमध्ये बहुधा इंट्रॉन नसतात, त्यामुळे इंट्रॉनच्या दोन बाजूंना प्रायमर ठेवून डीएनएची भेसळ टाळण्याची मेसेंजर आरएनएसाठीची युक्ती येथे चालत नाही. आरएनएतील डीएनए डीएनेझने काढावाच लागतो आणि प्रत्येक नमुन्याची एक ट्यूब रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता चालवावी लागते. ही ट्यूब किती महत्त्वाची आहे हे मी स्वतः महागात शिकलो. आमच्या एका प्रयोगात एन्झाइम असलेल्या ट्यूबचा संकेत २८व्या चक्राला आला आणि नसलेल्या ट्यूबचा ३०व्या. दोन चक्रांचा फरक पाहून ‘नियंत्रण ठीक आहे’ असे म्हणत आम्ही पुढे गेलो. दोन चक्रे म्हणजे चौपट, अर्थात आमच्या संकेतातील पंचवीस टक्के भाग आरएनएचा नव्हताच, तो डीएनएचा होता. नियंत्रण पेशींत खरा आरएनए कमी असल्यामुळे तेथे हा वाटा त्याहूनही मोठा होता आणि त्यामुळे आम्ही मोजलेली वाढ प्रत्यक्षापेक्षा लहान दिसत होती. तीन आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. दोन ट्यूबमध्ये निदान सात चक्रांचे अंतर असल्याशिवाय आता मी तो नमुना वापरत नाही. सात चक्रे म्हणजे भेसळ एक टक्क्याच्या आत.

सीडीएनए बनवताना पॉली-ए शेपटीला (आरएनएच्या शेवटी जोडलेल्या ए बेसच्या माळेला) चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्रायमरवर विसंबू नये. बऱ्याच नॉन-कोडिंग आरएनएना पॉली-ए शेपूट नसते, आणि काहींना ती एक्झोसोम निकामी झाल्यावर अधिक प्रमाणात दिसते, त्यामुळे ऑलिगो-डीटीने मोजल्यास शेपटीतील बदल हा प्रमाणातील बदल म्हणून दिसतो. यादृच्छिक हेक्झॅमर वापरावेत. शेजारच्या जनुकाचा किंवा विरुद्ध पट्टीवरचा आरएनए तेथे असण्याची शक्यता असेल, आणि प्रमोटरच्या आसपास ती असतेच, तर एका विशिष्ट पट्टीलाच जुळणारा, टोकाला मानवी जीनोममध्ये नसलेला ठरावीक क्रम जोडलेला प्रायमर घेऊन सीडीएनए बनवावा आणि पुढचा पीसीआर त्या जोडलेल्या क्रमावरून करावा. सिक्वेन्सिंगला नमुना पाठवताना ‘पॉली-ए निवड’ ऐवजी राइबोसोमल आरएनए काढून टाकण्याची आणि पट्टी ओळखणारी पद्धत मागावी. हे अर्जाच्या एका चौकोनावर ठरते, आणि तो चौकोन चुकला तर पैसे गेल्यावरच कळते.

प्रमाणीकरणासाठी जीएपीडीएच वापरण्याची सवय येथे मोडावी लागेल. प्रतिलेखन थांबवल्यावर जीएपीडीएचचा मेसेंजर आरएनएही हळूहळू कमी होत असतो, म्हणून त्याच्याशी भागाकार केला की प्रत्येक अर्धायुष्य फुगून येते. पेशी मोजून घ्याव्यात आणि त्या फोडतानाच बाहेरून ठरावीक प्रमाणात परका आरएनए मिसळावा, मग शेवटपर्यंत त्याच्याशी तुलना करावी. तो आरएनए काढून झाल्यावर मिसळला तर काढताना झालेली घट त्यात धरली जात नाही.

उत्पादन थेट मोजणे

घडत असलेला आरएनए पकडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात पेशींना फोर-थायोयुरिडिन देतात. गंधक असलेले हे युरिडिन नव्याने बनणाऱ्या आरएनएत शिरते, त्यावर बायोटिन जोडून स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांवर नवा आरएनए वेगळा काढता येतो. माध्यम आधीच ३७ अंशांवर आणून ठेवावे, कारण थंड माध्यम ओतताच पॉलिमरेज मंदावते आणि दहा मिनिटांच्या प्रयोगात हा धक्का मोठा ठरतो. फोर-थायोयुरिडिन प्रकाशाला संवेदनशील असते, त्यामुळे ट्यूब ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळाव्यात. वेळ संपताच पेशी खरवडत बसू नये, प्लेटवरच ट्रायझॉल ओतावे. मात्रा जास्त आणि वेळ लांब ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास न्यूक्लिओलसवर ताण येतो आणि राइबोसोमल आरएनएचे उत्पादन बिघडते.

आता एक अडचण, जिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ‘आम्ही उत्पादन मोजले’ असे अनेकदा चुकीने लिहिले जाते. समजा, आपल्या प्रॉम्प्टचे अर्धायुष्य पाच मिनिटे आहे आणि आपण दहा मिनिटे फोर-थायोयुरिडिनची खूण लावली. या दहा मिनिटांत मिनिटाला एक याप्रमाणे दहा खुणेचे रेणू बनले, पण पहिल्या मिनिटात बनलेले बहुतेक दहाव्या मिनिटापर्यंत मोडलेही गेले. गणित केल्यास शेवटी सुमारे ५.४ रेणूच हाती लागतात. एक्झोसोम निकामी केलेल्या पेशींत मात्र जवळजवळ दहाही हाती लागतील. म्हणजे ‘नव्या’ आरएनएतही सुमारे दुपटीचा फरक दिसेल आणि उत्पादन मात्र बदललेलेच नसेल. खूण पाच मिनिटांवर आणली तर पाचपैकी ३.६ हाती लागतात, म्हणजे परिस्थिती सुधारते, पण आरएनएही कमी मिळतो. यावर माझा सल्ला असा की पाच, दहा आणि वीस मिनिटे अशा तीन वेळा घ्याव्यात. खरोखर उत्पादन वाढले असेल तर दोन अवस्थांमधील गुणोत्तर तिन्ही वेळांना सारखे राहील. फक्त नाश कमी झाला असेल तर वेळ जितका कमी तितके ते गुणोत्तर एकच्या जवळ सरकेल. एकाच वेळेच्या मोजमापातून हे कधीच दिसत नाही.

दुसरा मार्ग रन-ऑनचा. केंद्रके थंड अवस्थेत वेगळी करून, सार्कोसिल या डिटर्जंटच्या सान्निध्यात बायोटिनसारखी खूण लावलेले न्यूक्लिओटाइड देतात, म्हणजे डीएनएवर आधीच बसलेले पॉलिमरेज एक-दोन पावले पुढे सरकते आणि स्वतःची जागा सांगते. २००८ साली आलेली ग्रो-सेक आणि तिचीच अधिक बारीक आवृत्ती असलेली प्रो-सेक या पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत. येथे आरएनएला मोडायला वेळ मिळत नाही, हा मोठा फायदा. मात्र यातून कळते ती पॉलिमरेजची दाटी, वेग नव्हे. टोलनाक्यावर गाड्यांची गर्दी दिसली म्हणून रस्त्यावरची वाहतूक वाढली असे म्हणता येत नाही, कदाचित नाकाच बंद पडलेला असेल. प्रमोटरजवळची दाटी वाढली आणि पुढची कमी झाली, तर पॉलिमरेज अडकले आहे. दोन्हीकडे एकाच प्रमाणात वाढली, तर आरंभ वाढल्याची शक्यता अधिक.

लवकर थांबणे कसे पकडावे

प्रॉम्प्टच्या पट्ट्यात एकच प्रायमरजोडी ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. किमान तीन जोड्या ठेवाव्यात: एक आरंभाला लागून, एक पहिल्या एएयूएएए खुणेच्या थोडी आधी आणि एक त्यानंतर हजारभर बेसवर. नवा आरएनए या तिन्ही ठिकाणी मोजला की आकृती बोलू लागते. तिन्हीकडे सारखी वाढ झाली तर आरंभ वाढला आहे. पहिल्या दोन ठिकाणी फरक नाही आणि तिसऱ्या ठिकाणी संकेत नव्याने उगवला, तर पॉलिमरेज आता थांबेनासे झाले आहे. नव्या आरएनएत कुठेच फरक नाही, पण एकूण आरएनएत पहिल्या दोन ठिकाणी मोठी वाढ आहे, तर ते नाशाचे काम. आयएनटीएस११ किंवा झेडसी३एच४ काढल्यावर दुसऱ्या प्रकारची आणि एक्झोसोम काढल्यावर तिसऱ्या प्रकारची आकृती अपेक्षित असते, म्हणून हे प्रयोग शेजारी शेजारी करून तुलनेसाठी ठेवावेत. आपले नवे प्रथिन कोणत्या आकृतीशी जुळते हे मग डोळ्यांनी दिसते.

प्रथिन काढून टाकण्याची रीत आणि वेळ

एसआयआरएनएने (विशिष्ट मेसेंजर आरएनए मोडायला लावणाऱ्या छोट्या आरएनएने) प्रथिन कमी व्हायला दोन ते तीन दिवस लागतात. इतक्या वेळात एक्झोसोमविना पेशीचे राइबोसोम बिघडतात, कारण ५.८एस राइबोसोमल आरएनए पक्व करणे हेही एक्झोसोमचेच काम आहे, आणि शेवटी जे दिसते त्यात मूळ परिणाम कोणता व त्याच्या मागून आलेले परिणाम कोणते हे वेगळे करता येत नाही. शक्य असेल तर ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकाने प्रथिन मोडण्याची पद्धत वापरावी. वनस्पतींमधील टीआयआर१ हे प्रथिन मानवी पेशीत आणले आणि आपल्या प्रथिनाला योग्य शेपटी जोडली की ऑक्झिन घालताच तासाभरात ते नाहीसे होऊ शकते. २०१९ साली ब्रिटनमधील स्टीव्हन वेस्ट यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील एचसीटी११६ पेशींत एक्झोसोमचे दोन कुरतडणारे घटक असे वेगवेगळे काढून पाहिले. डीआयएस३ गेल्यावर प्रॉम्प्ट झपाट्याने साचले, एक्झॉस्क१० गेल्यावर त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. काम नेमके कोणाचे याचा असा स्वच्छ निवाडा तीन दिवसांच्या प्रयोगातून मिळणे कठीण होते.

या पद्धतीलाही तिची नियंत्रणे लागतात. शेपटी जोडलेले प्रथिन ऑक्झिन न घालताही थोडे मोडत असते, म्हणून मूळ पेशी, शेपटीच्या पेशी आणि ऑक्झिन दिलेल्या शेपटीच्या पेशी या तिघांचे वेस्टर्न ब्लॉट एकाच जेलवर लावावे. मूळ पेशींनाही ऑक्झिन देऊन पाहावे. पेशी विश्वासार्ह ठिकाणाहूनच आणाव्यात, शेजारच्या प्रयोगशाळेच्या इनक्युबेटरमधून नव्हे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे पेशीभांडार हा जवळचा मार्ग आहे. आणलेल्या पेशींची मायकोप्लाझ्मा चाचणी सुरुवातीला आणि मग दर महिन्याला करावी.

आरएनएच बंद पाडायचा असेल आणि त्यासाठी निष्क्रिय कॅस९ला (डीएनए न कापता ठरावीक जागी बसणाऱ्या प्रथिनाला) क्रॅब हा जनुक दडपणारा प्रथिनाचा तुकडा जोडून प्रमोटर झाकण्याचा विचार असेल, तर प्रॉम्प्टच्या बाबतीत तो सोडून द्यावा. प्रॉम्प्ट आणि जनुक एकाच उघड्या प्रदेशातून निघतात, म्हणून एकाला झाकले की दुसराही झाकला जातो, आणि जनुक मंदावल्याचे श्रेय प्रॉम्प्टच्या अभावाला दिले जाते. स्वतंत्र प्रमोटर असलेल्या, शेजारच्या जनुकापासून दूर असलेल्या लांब नॉन-कोडिंग आरएनएसाठी हीच पद्धत उत्तम आहे. प्रॉम्प्टसाठी त्यापेक्षा एएयूएएए खूण बदलणे किंवा वाटेत यू१ची जागा बसवणे हा मार्ग कष्टाचा असला तरी प्रामाणिक आहे.

निष्कर्ष लिहिताना

केवळ एकूण आरएनए मोजला असेल तर ‘प्रमाण वाढले’ एवढेच लिहावे. नवा आरएनए निदान दोन वेळांना मोजला असेल आणि गुणोत्तर स्थिर असेल तर ‘उत्पादन वाढले’ असे लिहिता येते. प्रतिलेखन थांबवून घट मोजली असेल तर ‘टिकाऊपणा वाढला’ असे लिहावे, पण येथेही ध्यानात ठेवावे की ट्रिप्टोलाइड दिल्यावर वाटेत असलेली पॉलिमरेज आपला प्रवास पूर्ण करतात. मिनिटाला साधारण दोन हजार बेस या वेगाने एक्सआयएसटीसारखा सतरा हजारांहून अधिक बेसचा आरएनए पूर्ण व्हायला स्प्लायसिंगपूर्वीची लांबी धरता पंधरा मिनिटे सहज लागतात, आणि तेवढा वेळ घट सुरूच झालेली दिसत नाही. म्हणून लांब आरएनएच्या घटीचा आलेख शून्य मिनिटापासून मोजू नये, वाटेतली पॉलिमरेज रिकामी झाल्यानंतरच्या पहिल्या बिंदूपासून मोजावा, आणि तो बिंदू कोणता धरला हे आलेखाखालच्या ओळीत मिनिटांसह लिहावे.